वाईहून जतेला: पुढे गाडा, मागे खंड्या

प्रथम प्रतिज्ञा सांगतो. साठी उलटलेल्या माणसाने एक कुत्रा आणि हाताने केलेला गाडा एवढ्या सरंजामावर वाईहून जतेपर्यंत पायी जाणे शक्य आहे, आणि मोटारीने जाण्यापेक्षा ते अधिक शहाणपणाचे आहे, हे या लेखात सिद्ध करावयाचे आहे. याखेरीज आणखी एक गोष्ट सिद्ध करण्याच्या तयारीने मी घर सोडले होते. ती अशी की, सवय मोडली म्हणजे विद्या जाते. मग ती विद्या विद्यार्थ्याची असो की कुत्र्याची. पहिल्या गोष्टीविषयी मला आता शंका उरलेली नाही. दुसरीचे काय झाले ते क्रमाने येईल. हयातभर पाठशाळेत तर्क शिकवल्यामुळे क्रम सोडून सांगणे मला जमत नाही. वाचकांनी एवढी सवलत द्यावी.

कुत्रा माझा नव्हे. वाईबाहेर माझे थोडे शेत आहे. दरसाल सुगी संपली की जतेकडचा बिरू धनगर आपला कळप घेऊन तेथे मुक्कामाला येई. मेंढरे रात्री शेतात बसवली म्हणजे लेंडीखताने जमिनीला कस येतो, आणि शेतकरी त्याबद्दल धनगराला धान्य देतो, अशी ही जुनी देवघेव आहे. महायुद्ध सुरू झाले त्या सुमारास अशाच एका मुक्कामात बिरूच्या कुत्र्याचा मागचा पाय मोटारीखाली सापडला. कळपाला थांबून चालत नाही. बिरूने कुत्रा माझ्या ओसरीवर आणून ठेवला आणि "फुडल्या खेपंला न्हेतो, गुरुजी," असे सांगून तो गेला. पुढली खेप झालीच नाही, कारण बिरू पलटणीत भरती झाला. खंड्याचा पाय बरा झाला, किंचित लंगडणे तेवढे राहिले, आणि युद्ध चालले तितकी वर्षे त्याने आमच्या घरी दूधभात खाल्ला.

युद्ध संपल्यानंतरच्या हिवाळ्यात जतेकडचा एक घोंगडीवाला निरोप घेऊन आला. बिरू परतला होता. मात्र तोफखान्यातल्या नोकरीने त्याचे दोन्ही कान नेले होते. रात्री लांडगा येई, कोकरू उचली, आणि बिरूला ते सकाळी कळे. म्हणून त्याची बायको तायव्वा रात्रभर जागी बसे आणि दिवस उजाडला की कळपामागे माळावर जाई. असे किती दिवस चालणार? घोंगडीवाल्याने तिचा निरोप तिच्याच शब्दांत सांगितला. "बाई म्हनली, खंड्या जित्ता आसंल तर धाडा. न्हाईतर शिमग्याच्या आत मेंढरं इकून टाकतो."

"दुसरे कुत्रे का पाळत नाहीत?" मी विचारले.

"पाळलं हुतं की. त्यानंच कोकरू खाल्लं."

माझे मत तेथेच ठरले. इतकी वर्षे ओसरीवर काढलेल्या या प्राण्यापुढे लांडगा उभा केला, तर तो लांडग्यापाशी दूधभात मागेल. तरी ज्याची वस्तू त्याला दाखवणे हे कर्तव्य होते. जतेस जावे, कुत्रा आता कामाचा राहिला नाही हे बिरूला समक्ष पटवावे, मेंढरे विकण्याचा सल्ला द्यावा, आणि खंड्याला परत आणावे, असा माझा बेत होता. शेवटचे कलम मी घरात कोणास बोललो नाही.

मोटार सर्व्हिसवाल्याने कुत्रा घेण्याचे साफ नाकारले. "गुरुजी, मानसं टपावर बसत्यात. ह्याला काय माज्या डोक्यावर बशिवू?" हा युक्तिवाद बिनतोड होता. म्हणून पायी जाण्याचे ठरले, आणि पायी म्हणून गाडा आला.

हा गाडा कसा केला ते सांगणे इच्छुकांच्या उपयोगाचे होईल. दोन टाकाऊ सायकलींचे एकेक चाक, पाठशाळेतल्या मोडक्या बाकाची फळी, आणि बांबूच्या दोन दांड्या. रबर मिळणे युद्धापासून दुरापास्त झाले आहे. धावेत काथ्या घट्ट गुंडाळून वर चामड्याची पट्टी शिवली. सगळे काम मी स्वतः केले, त्यामुळे फळी एका अंगाला किंचित तिरपी बसली आहे. सामान बेताचे घ्यावे: एक घोंगडे, एक पातेले, तांब्या, पीठ, डाळ, मीठमिरची, जास्तीचा काथ्या. वजन आसाच्या किंचित पुढे ठेवावे. मागे ठेवल्यास दांड्या हातातून वर उठतात, पुढे फार ठेवल्यास मनगटे भरून येतात. फळीचा मागचा भाग मी मोकळा ठेवला होता, लंगडा कुत्रा थकला म्हणजे बसण्यासाठी.

निघताना आमच्या कुटुंबाने दाराशी उभे राहून गाड्याकडे, मग माझ्याकडे पाहिले. "म्हणजे कुत्रा बसणार आणि तुम्ही ओढणार."

"थकला तर."

"आणि तुम्ही थकलात तर तो ओढणार का?"

मी दांड्या उचलल्या. प्रश्न विषयाला सोडून होता.

वाई ते सातारा हा रस्ता वडांच्या सावलीचा आहे आणि नवख्याने सुरुवात येथूनच करावी. पाचवडच्या अलीकडे पहिली गोष्ट लक्षात आली: खंड्या पुढे चालत नाही, बाजूला चालत नाही, तो मागे चालतो. मी थांबलो की थांबे. मी फार वेळ थांबलो की येऊन गुडघ्याच्या मागच्या लवणीत नाकाने ढुसणी देई. त्याला फळीवर बसवून पाहिले. त्याने माझ्याकडे एकदा जड नजरेने पाहिले आणि उडी मारून तो पुन्हा मागे गेला. लंगड्या पायामुळे तो मागे पडतो आणि विसावा संपवून मुक्कामी पोहोचण्याची त्याला घाई आहे, असे अनुमान मी केले. घरच्या सुखाला सोकावलेला, हेही त्यात जोडले.

साताऱ्यात एक दिवस विसावा घेऊन माहुलीस कृष्णा ओलांडली. माहुलीचे घाट मोटारीतून मी पूर्वी अनेकदा पाहिले होते, असे मला वाटत असे. वस्तुतः पाहिली होती ती मोटारीची खिडकी. काळ्या पायऱ्या पाण्यात किती खोल उतरल्या आहेत, आणि सकाळच्या धुक्यात दोन नद्यांची पाणी मिळाल्यावरही आपापला रंग थोडा वेळ राखतात, हे पुलावर दांड्या टेकवून उभे राहिल्यावर दिसले. ढुसणी येईपर्यंत मी उभा होतो.

कोरेगावच्या पुढे गुऱ्हाळे लागतात. पायी प्रवाशाला येथे उपाशी राहणे अवघड आहे. काहिलीजवळ बसवून रस देतात, पानावर गरम काकवी घालतात, भाकरी विचारल्याशिवाय पुढे येते. रेशनच्या दिवसांत शहरात साखरेसाठी रांगेत उभा राहिलेला मनुष्य येथे हात चिकट करून उठतो. पैसे पुढे केले तर एक गुऱ्हाळवाला म्हणाला, "गाडा वडताय तुमी, आन् पैसं आमी घ्यायाचं व्हय? जावा." या रस्त्यावर मला आदरातिथ्याचे जे प्रमाण दिसले, ते मी कोणत्याही ग्रंथातल्या प्रमाणाइतके ग्राह्य धरतो.

रहिमतपूरच्या अलीकडे एक सोबती मिळाला. पलटणीतून सुटलेला हवालदार, खाकी कोट, पाठीवर पत्र्याची पेटी. पुसेसावळीजवळच्या आपल्या गावी निघाला होता. पेटी मी गाड्यात घेतली आणि त्याने एक दांडी धरली. दुतर्फा हरभऱ्याची शेते होती. हवालदार घाटे तोडायला बांधावरून आत शिरला तोच खंड्या मागून धावला, वळसा घालून त्याच्या पलीकडे गेला, आणि ढुसण्या देत त्याला रस्त्यावर घेऊन आला.

"आरं, आरं! चोरी न्हाई करत, गड्या! चुलत्याचं शेत हाय!" हवालदार हसून बेजार झाला. "गुरुजी, आमच्या सुभेदारानं बी कवा असं ढुसण्या दिऊन चालवलं न्हाई."

"त्याला एकटे राहण्याची भीती वाटते," मी खुलासा केला. "घरात वाढला आहे."

"आसंल बा. तुमी शिकल्याली मानसं."

दुपारभर त्याने मला इटलीतल्या चिखलाच्या गोष्टी सांगितल्या. गावाच्या वेशीवर त्याची आई उभी होती. हवालदार पेटी विसरून धावला. मी पेटी खाली उतरवून ठेवली आणि त्या भेटीकडे पाहणे योग्य नव्हे म्हणून पाठ फिरवली. खंड्या मात्र अस्वस्थ झाला. गेलेल्या हवालदाराकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहत तो वेशीवर बराच वेळ उभा राहिला. एका दिवसाच्या ओळखीचा एवढा लळा! घरी वाढलेल्या कुत्र्याला सर्वच माणसे सारखी, अशी नोंद मी मनात केली.

विट्यास शिरताना गाड्याचे डावे चाक बसले. बाबूलाल मिस्त्रीचे सायकलीचे दुकान जवळच निघाले. दोन आरे तुटले होते आणि आस वाकला होता. काम दुसऱ्या दिवसावर जाणार होते, म्हणून त्याने मला दुकानामागच्या पडवीत उतरवले. त्याच्या वृद्ध आईने, अम्माने, चहा दिला. मुसलमानाच्या घरचा तो चहा मी घेतला. वाईत हे वाचून काही भुवया वर जातील. त्या पुन्हा खाली येण्याइतका वेळ त्यांना मिळो.

संध्याकाळी खंड्याने नित्याप्रमाणे गाड्याभोवती एक फेरी घातली आणि दूर अंगणाच्या टोकाला जाऊन, आमच्याकडे पाठ करून तो पडला. रोजचाच हा क्रम होता. मुक्कामाला माझ्याजवळ तो कधी झोपला नाही, आणि तोंड माझ्याकडे केले नाही.

अम्मा म्हणाल्या, "कुत्रं रुसलंय तुमच्यावर. बगा की, तोंड फिरवून बसलंय."

"रुसण्यासाठी ममता लागते, अम्मा. ती त्याला नाही. ओसरी होती तोवर ओसरीशी संबंध, आता भाकरीशी."

"मंग सोडून का जात न्हाई?"

"जाणार कुठे?"

अम्मांनी माझ्याकडे पाहिले आणि कप उचलून नेला. माझा विजय झाला असे तेव्हा मला वाटले.

विट्यापासून पुढे मुलूख उघडा होत जातो. तासगावच्या बाजूला द्राक्षाचे काही मळे लागले. मांडवाखाली उभे राहिले की ऊन हिरवे होते. एका बागवानाने गाडा पाहून विचारले, "काय इकता, काका?" काही विकत नाही, म्हटल्यावर तो अधिकच विचारात पडला. "मंग वडता कशापायी?" कवठेमहांकाळानंतर सावली संपते आणि आकाश सुरू होते. मी हे दूषण म्हणून लिहीत नाही. ज्याला झाडांची आणि पाण्याची सवय आहे त्याला प्रथम येथे काहीच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी मुरमाचे तांबडे-पिवळे रंग वेगळे होऊ लागतात. तिसऱ्या दिवशी क्षितिजावरचा ठिपका बाभूळ की माणूस हे ओळखता येते. इतके कमी असताना इतके नीटस जगणारी माणसे मी पाहिली नव्हती. विहिरीवर पोहऱ्यात निम्मेच पाणी येई, आणि पहिला तांब्या परक्याला मिळे. या भागात पाणी बरोबर घ्यावे, ऊन चढण्यापूर्वी चालावे, आणि काथ्या दोनदा बदलण्याची तयारी ठेवावी. खडी फार धारदार आहे.

जत संस्थानच्या हद्दीवर जकातनाका होता. कारकुनाने गाड्याकडे पाहून विचारले, "बैल कुठाय?"

"मीच."

"मंग ही बैलगाडी न्हवं." त्याने शिपायाकडे पाहिले. शिपाई म्हणाला, "हातगाडी लिवा, साहेब."

"हातगाडी म्हंजे इक्रीचा माल. माल कुठाय?" पातेले, पीठ आणि घोंगडे पाहून त्याचे समाधान झाले नाही. इतक्यात कारकुनाला माझ्याजवळ येऊन उभे राहण्याची बुद्धी झाली, आणि खंड्या उठून आमच्या दोघांच्या मध्ये उभा राहिला. भुंकला नाही, नुसता उभा राहिला. कारकून दोन पावले मागे गेला. "जाऊ द्या त्यांला. यात्रेकरू दिसत्यात."

सरकारी मनुष्याला खंड्या घाबरत नाही, एवढे कबूल करून मी पुढे निघालो.

बिरूची वस्ती जतेच्या पलीकडे, कर्नाटकाच्या अंगाला, माळावर होती. मेंढरांसाठी दगडी कुंपणाचा वाडगा, एक झोपडी, एक बोरीचे झाड. दिवस कलला होता. तायव्वा कळप घेऊन यायची होती. बिरू दाराशी दोरी वळत बसला होता. मला ओळखताच तो उठला आणि असा ओरडला की माळ दणाणला. "गुरुजी! तुमी! चालत!" बहिऱ्या माणसाला आपला आवाज मोजता येत नाही. मग त्याने माझ्या मागे पाहिले, आणि दोरी टाकून तो गुडघ्यावर बसला.

खंड्या आला. त्याने बिरूचे पाय हुंगले, हात हुंगले, शेपटी एकदा, फार तर दोनदा हलवली, आणि तो बाजूला जाऊन बसला.

बिरू गुडघ्यावर बसून राहिला. "वळखलं न्हाई मला," तो म्हणाला. या खेपेस त्याचा आवाज माणसाच्या मापाचा होता.

माझे अनुमान खरे ठरत होते, आणि त्याचे मला समाधान वाटले नाही असे लिहिणे खोटे होईल. बिरूच्या कानाशी तोंड नेऊन मी सांगायला सुरुवात केली की विद्येला अभ्यास लागतो, अभ्यास सुटून इतकी वर्षे झाली, कुत्र्याकडे दोष नाही, आणि मेंढरांना आज गिऱ्हाईक चांगले... त्याला किती ऐकू आले देव जाणे. तो माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत होता.

धूळ दिसली. कळप माळ उतरत होता. मागे तायव्वा, अंगाने वाळलेली, डोळे खोल गेलेले, चालताचालता डुलक्या घेत असावी तशी. खंड्या उठला. तो धावला नाही, भुंकला नाही. लंगडत, शांतपणे, कळपाला लांबून वळसा घालून तो मागच्या टोकाला गेला. एक म्हातारी मेंढी रेंगाळत होती. खंड्याने तिच्या मागच्या पायाच्या लवणीत नाकाने ढुसणी दिली.

माझ्या गुडघ्यामागची जागा मला एकाएकी जाणवली.

दोन कोकरे बोरीकडे भरकटली. तो वळसा घालून पलीकडे गेला आणि ती परत आली, हवालदार आला होता तशीच. कळप वाडग्यात शिरला. खंड्याने वाडग्याभोवती एक फेरी घातली. मग दूर माळाच्या कडेला जाऊन, वाडग्याकडे पाठ आणि तोंड उघड्या रानाकडे करून तो पडला. त्याचे कान ताठ होते. जिकडून काही येण्याचा संभव, तिकडे त्याचे तोंड होते. आणि ज्यांना राखायचे, त्यांच्याकडे पाठ.

तायव्वा माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "बर्री, बर्री," तिने आपल्या कानडीत 'या, या' म्हटले. "वाटंनं तरास दिला का त्यानं?"

मी सांगितले. मागे चालणे, ढुसण्या, रोजची फेरी, पाठ करून झोपणे, नाक्यावरचे उभे राहणे, सर्व क्रमाने. ती तोंडावर पदर धरून हसू लागली, आणि हसता हसता मटकन खाली बसली. "आवं गुरुजी! तुमी कुटलं आणताय त्याला! त्यानं तुमास्नी हाकत आणलंय!"

तिने ते खुणांनी बिरूला सांगितले. बिरूने माझ्याकडे बोट केले, "मेंढरू?" असे विचारले, आणि त्याचे ते हसणे कदाचित विजापुरापर्यंत गेले असेल.

रात्री काय झाले ते मला माहीत नाही. मी थकून झोपलो होतो. खंड्याचे भुंकणे एकदा स्वप्नात ऐकल्यासारखे वाटले, एवढेच. सकाळी उजाडले तेव्हा बिरू वाडग्याच्या दाराशी मेंढरे मोजीत होता. सगळी होती. मी काही विचारण्यासाठी तोंड उघडले तोच त्याने ओठांवर बोट ठेवले. "हळू!" तो गरजला. "निजलीया ती! उठवू नका!"

झोपडीत तायव्वा झोपली होती. त्या आवाजानेही ती हलली नाही. सूर्य वर येईपर्यंत ती झोपली, आणि तोवर बिरू त्याच गर्जनेने प्रत्येक मेंढराला गप्प राहण्यास सांगत होता.

मी दोन दिवस राहिलो. मेंढरे विकण्याविषयी कोणी बोलले नाही, मीही नाही. निघताना खंड्या कळपाबरोबर माळावर होता. हाक मारली असती तर तो आला असता की नाही, हा प्रयोग करण्याचे कारण मला दिसले नाही. तायव्वाने फळीच्या मागच्या मोकळ्या जागेवर एक नवे घोंगडे ठेवले.

परतीचा रस्ता तोच होता. विट्यास अम्मांनी कुत्र्याचे विचारले. सर्व ऐकून त्या म्हणाल्या, "म्हंजे रुसला न्हवता." मी म्हणालो, नव्हता. माहुलीच्या पुलावर मी पुन्हा दांड्या टेकवून उभा राहिलो. पाणी तसेच सुंदर होते. ऊन पायाशी आले, गाड्या गेल्या, आणि आता निघावे हे मला कोणी सांगितले नाही. त्या दिवशी मी साताऱ्यास फार उशिरा पोहोचलो.

घरी आमच्या कुटुंबाने गाडा पाहिला आणि मागची मोकळी फळी पाहिली. ताट वाढले. दूधभाताचे पातेले खंड्याला धरून नित्याच्या मापाचे होते. तिने ते पुन्हा फडताळात ठेवले.

तेव्हा निष्कर्ष. हा प्रवास शक्य आहे. खर्च म्हणण्यासारखा होत नाही. मुलूख आणि माणसे जशी आहेत तशी दिसतात. ज्यांना जायचे असेल त्यांनी माघात निघावे. माझा गाडा कोणास हवा असल्यास मिळेल, फळी तिरपी आहे हे ध्यानात घेऊन. सवय मोडली म्हणजे विद्या जाते, ही दुसरी प्रतिज्ञा मी मागे घेतो. आणि लेख वाचकांच्या हाती देण्यापूर्वी एक चूक मान्य करणे आवश्यक आहे. मला दिसले ते सर्व मी बरोबर टिपले होते. कोण कोणास नेत आहे, एवढे मात्र उलटे धरले. तरी वर जेथे जेथे मी खंड्याला जतेला नेले असा अर्थ निघतो, तेथे तेथे खंड्याने मला जतेला नेले, असे वाचावे.

(सही)
नारायण गुरुजी, वाई